डावीकडची जागा

कोल्हापुरात फुटबॉल बघायला येणारा माणूस चेंडू बघतो आणि आपली पेठ हरली की पंचाला शिव्या घालतो. मी शाळेत पी.टी. शिकवून उरलेल्या वेळात वर्षानुवर्षं शिट्टी वाजवली आहे, त्यामुळे हे अधिकाराने सांगतो. माझ्या घराण्याचा उद्धार ऐकायची मला इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी शिव्या पडल्या नाहीत तर आपलं काही चुकलं की काय असं वाटायचं. गर्दीचं मत मी कधी मनावर घेतलं नाही. पण सामना संपल्यावर एका माणसाला मात्र मुद्दाम गाठून विचारायचो, की आज काय दिसलं? तो माणूस म्हणजे आकाराम साळोखे.

आकाराम गोलच्या मागे बसतो. तिथून निम्मा खेळ दिसत नाही आणि दिसतो तो पाठमोरा. चेंडू पलीकडच्या टोकाला असतो, सगळं स्टेडियम तिकडे बघून नरडं फोडत असतं आणि हा गडी आपल्या समोर उभ्या असलेल्या स्टॉपरकडे बघत बसलेला. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. तो चुकला की मागे देवच. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की आकारामही उठतो आणि मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागे जाऊन बसतो. पोरं त्याला ‘प्रदक्षिणा’ म्हणून चिडवायची. तो म्हणायचा, चेंडू जवळ आल्यावर कुणीबी शहाणं होतंय, चेंडू लांब असताना ह्याचं डोकं कुठं हाय ते बघायचं.

तो स्वतः आमच्या तालमीचा, म्हणजे पेठेच्या संघाचा, स्टॉपर होता. त्याने टोलवलेला एक चेंडू म्हणे गॅलरीवरून बाहेर जाऊन रस्त्यावरच्या भेळेच्या गाड्यावर पडला. पेठेत अजून ही गोष्ट सांगतात आणि दरवर्षी तो गाडा स्टेडियमपासून आणखी थोडा लांब जातो. आकारामला ह्या गोष्टीचा कौतुकापेक्षा वैतागच जास्त. त्याचं म्हणणं, स्टॉपरनं उंच मारला म्हणजे त्याला पुढचं काही सुचलं नाही. चांगल्या स्टॉपरची मॅच बघून घरी गेलं तर बायकोला सांगायला काही उरत नाही, कारण काही घडलेलंच नसतं. हे पेठेला कधी पटलं नाही. पेठेला चेंडू आभाळात गेलेला आवडतो.

गुडघा गेल्यावर त्याने खेळ सोडला, शिरोलीच्या एका कारखान्यात लेथवर लागला आणि कसबा बावड्यात दोन खोल्या बांधल्या. पुण्याच्या एका व्यावसायिक क्लबचा प्रशिक्षक कधीतरी इथे सामना बघायला आला होता. गोलमागे बसलेल्या ह्या माणसाशी बोलला आणि त्याने सांगितलेला पोरगा घेऊन गेला. तो पोरगा टिकला. पुढच्या वर्षी सांगितलेलाही टिकला. तेव्हापासून दर हंगामात क्लब त्याला विचारतो, की कुणी आहे का? आकाराम बहुतेक वेळा नाही म्हणतो. त्याच्या ‘नाही’मुळेच त्याच्या ‘हो’ला किंमत आली.

त्याचा मुलगा आदर्श. बापासारखाच स्टॉपर, पण बापापेक्षा बडबड्या. मैदानावर त्याचं तोंड क्षणभर मिटायचं नाही. “मागं बघ, आला, सोड, घे, डावीकडं,” असं अखंड चालू. मी पंच असताना एकदा त्याला विचारलं होतं की खेळायला आलायस की भाजी विकायला. त्याच्या उजव्या हाताला खेळायचा दुसरा स्टॉपर, राजवीर. शाहूवाडीकडच्या भातशेतीवाल्या घरातला, कॉलेजसाठी इथे आलेला, मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. आदर्शने त्याला तालमीत आणलं, आपल्या घरी जेवायला नेलं. मग तो तिथलाच झाला. आकारामची बायको वर्षाराणी दोघांची ताटं एकदमच वाढायची. आदर्श ओरडायचा आणि राजवीर जायचा. त्या दोघांमधून चेंडू न्यायचा म्हणजे समोरच्या फॉरवर्डला घाम फुटायचा.

ऊसतोडीचे दिवस होते. जयसिंगपूरला सामना खेळून दोघं मोटरसायकलवरून परत येत होते, राजवीर चालवत आणि आदर्श मागे. तिन्हीसांजेला रस्त्याच्या डाव्या कडेला उसाची एक ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. कुणाची होती, कुठे चालली होती, काही कळलं नाही. राजवीरने गाडी उजवीकडे ओढली. तो वाचला. मागे बसलेला आदर्श डाव्या बाजूने ट्रॉलीवर आपटला आणि जागीच गेला.

ह्याला आता दोन वर्षं होऊन गेली. त्या दिवसापासून मी आकारामला रडताना पाहिलेलं नाही. मातीला पेठ लोटली, मोठमोठे गडी हमसून रडले आणि हा सगळ्यांना पाणी विचारत होता. दिवसकार्य झाल्यावर कामावर गेला. त्याच्या दारावरून हंगामभर उसाच्या ट्रॉल्या जातात. आम्हाला वाटलं, हा एखादी पेटवून देईल. त्याने काहीच केलं नाही. ट्रॉली आली की बाजूला सरकून उभा राहायचा आणि गेली की चालू लागायचा. सामने बघायला येणंही थांबलं नाही. तोच गोलमागचा कोपरा, तीच प्रदक्षिणा. फक्त चिडवणारं कुणी राहिलं नाही. मी शेजारी बसलो की तो खेळाचं बोलायचा, बरोबर बोलायचा, पण जत्रेतल्या भोंग्यावर कुणाचं तरी पाकीट सापडल्याचं सांगतात तसं. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, गचांडी धरून म्हणावं, रड की लेका एकदा. पण मी तरी काय केलं? मीही नुसता शेजारी बसून राहिलो.

राजवीर तर त्या घराच्या गल्लीतही फिरकेनासा झाला. कधी समोरासमोर आले की आकाराम मान हलवायचा आणि तो मान खाली घालायचा.

पेठेने मात्र आपल्या परीने मान दिला. आदर्शनंतरच्या पहिल्या सामन्यात पोरांनी ठरवलं, की खेळ सुरू झाल्यावर चेंडू पहिल्यांदा रेषेबाहेर जाईपर्यंत डाव्या स्टॉपरच्या जागेवर कुणी उभं राहायचं नाही. त्या जागेवरचा नवा पोरगा बाजूला रेषेजवळ उभा राहिला. समोर आमची कट्टर वैरी पेठ होती. जिच्या पोरांना आमच्या गल्लीतून बुलेट काढायची सोय नाही, ती पेठ. शिट्टी झाली, त्यांच्या फॉरवर्डने चेंडू घेतला, ती रिकामी जागा बघितली आणि मुद्दाम चेंडू बाहेर मारला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. त्या दिवशी शिट्टी माझीच होती आणि मला नीट दिसत नव्हतं. पुढे ते प्रत्येक सामन्यात होऊ लागलं. सगळ्या तालमींनी पाळलं. आकारामला कुणी विचारलं नव्हतं. तो बघायचा आणि काही बोलायचा नाही, म्हणून आम्ही समजलो, त्याला बरं वाटत असेल.

यंदा राजवीर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. क्लबच्या राखीव संघात घ्यायला वयाची अट असते आणि ती त्याच्या बाबतीत ह्या उन्हाळ्यात संपणार होती. आता गेला तर गेला, नाहीतर गावाकडे जाऊन भात लावायचा. क्लबने व्हिडिओ बघून त्याचं नाव काढलं आणि आकारामला विचारलं, ह्याच्याबद्दल तुमचं मत काय? झालं. पेठेत चहाच्या प्रत्येक टपरीवर एकच विषय. कुणी म्हणे, आकाराम आता उट्टं काढणार. कुणी म्हणे, मोठ्या मनाचा आहे, डोळे झाकून हो म्हणेल. दोन्ही बाजूंनी पैजा लागल्या असतील तर मला नवल वाटणार नाही. आकाराम म्हणाला, “बघून सांगतो.”

बघायला क्लबचा माणूसही आला. अनेकांत चौगुले, जयसिंगपूरचा जैन पोरगा, खेळाचं शास्त्र शिकून पुण्यात खेळाडू पारखायचं काम करणारा. जयसिंगपूर म्हणजे इथून तासाभराच्या अंतरावर, पण आमच्या लोकांच्या हिशेबी शहराच्या वेशीबाहेरचा तो पाहुणाच. पोरगा हुशार आणि नम्र. आकारामला अण्णा म्हणायचा आणि गोलमागे त्याच्या शेजारी जमिनीवर बसायला लाजायचा नाही.

सामना कॉलेजांच्या एका निमंत्रित स्पर्धेतला होता. कॉलेजच्या संघात आमच्या तालमीची बरीच पोरं होती, मागची दोघं तर आमचीच. समोरचा संघ गुजरातकडून आलेला. शिट्टी झाली आणि आमचा डावा स्टॉपर सवयीने बाजूला जाऊन उभा राहिला. गुजरातच्या पोरांना आमच्या तालमीचा नेम काय माहीत? त्यांच्या फॉरवर्डला समोर मोकळं रान दिसलं आणि तो सरळ त्यात घुसला. राजवीर त्याच्यापासून दोन ढांगांवर होता. तो गेला नाही. उलट किंचित उजवीकडे सरकला आणि उभा राहिला. गोल झाला. बाकीचा सामना राजवीर असा खेळला की पुन्हा काही घडलंच नाही, पण कॉलेज त्याच एका गोलने हरलं.

अनेकांतने विचारलं, की चेंडू त्याला दिसला होता, मग तो गेला का नाही? आकारामने उलट विचारलं, तुला काय दिसलं? मग अनेकांतने लॅपटॉप उघडून आधीच्या सामन्यांतले तुकडे दाखवले. खेळ कळतो, पाय शांत आहेत, घाईने उंच मारत नाही, पास अचूक. पण डावीकडून धोका आला की हा आधी उजवीकडे सरकतो आणि मग वळतो. इथे चालून जातं, वरच्या पातळीवर तेवढ्यात गोल होतो.

“व्हय,” आकाराम म्हणाला. “आधी न्हवतं. दोन वर्षं झाली.”

“कशामुळं झालं, अण्णा?”

आकाराम समोरच्या रिकाम्या गोलकडे बघत राहिला. मला सगळं दिसत होतं. त्या संध्याकाळी उजवीकडे ओढलेली गाडी ते पोरगं अजून ओढत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आकारामने माझ्या मांडीवर हात ठेवला. अनेकांत म्हणाला, असं असेल तर मला ‘नाही’ असं लिहावं लागेल. आकाराम म्हणाला, “ऐतवारी तालमीची मॅच हाय. एवढी एक बघून जा.”

संध्याकाळी मी बावड्याला त्याच्या घरी गेलो. तो अजून आला नव्हता. वर्षाराणीने चहा ठेवला. ती आदर्शबद्दल सहज बोलते, त्याला काय आवडायचं, कशावरून भांडायचा. ऐकून आपल्यालाच धीर येतो. मी तिला दिवसभराचं सांगितलं. ती म्हणाली, राजवीरवर आमचा राग नाही हे मी त्याच्या आईला, चिमणाबाईंना, फोन करून कधीच सांगितलंय, पण पोरगं घरी येत नाही. मग चहा गाळता गाळता म्हणाली, “मास्तर, ह्यांनी त्या दिवसापास्नं आदर्शचं नाव घेतलं न्हाय. एकदाबी न्हाय. घरात मी एकटीच बोलत असती.”

दुसऱ्या दिवशी आकाराम सरावाच्या मैदानावर गेला. मला बरोबर ये म्हणाला, का ते सांगितलं नाही. राजवीर बूट बांधत बसला होता. ह्याला बघून उठून उभा राहिला.

“गुजरातवाला तुला दिसलाता?”

“व्हय काका.”

“मग?”

राजवीरने अर्धवट बांधलेल्या बुटाकडे बघितलं. “तिथं कसा जाऊ, काका? ती जागा...”

“ऐतवारी पहिल्या शिट्टीपास्नं तिथं बी बघायचं. तुझं कामच हाय ते.”

“पेठ काय म्हणंल?”

“पेठंला मी सांगतो.”

एवढंच. त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही की काही नाही. मी मनात म्हटलं, अरे दगडा, एक शब्द तरी गोड बोल. पण आम्ही तिथून सरळ तालमीत गेलो.

तालमीचे अध्यक्ष उदयसिंह म्हणजे भोंग्याशिवाय सभा घेणारा माणूस. आकारामने सांगितलं, तो जागा मोकळी ठेवायचा नेम बंद करा आणि समोरच्या तालमीलाही तसा निरोप द्या. उदयसिंहांना आधी ऐकू आलं ते खरंच वाटेना. मग ते तापले. सगळ्या शहराने पाळलेली गोष्ट, वैऱ्यांनी मान दिलेला, ती मोडायची? लोक तोंडात शेण घालतील.

“तुझ्याच पोराचा मान हाय की रं त्यो!”

“मान न्हाय, भोक हाय ते,” आकाराम म्हणाला. आवाज चढला नाही. “त्यातनं गोल जातोय. माझं पोरगं गेलं, तेवढं बास. दुसऱ्याचं त्यातनं घालवू नका.”

खोलीतले सगळे खाली बघू लागले. उदयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला, कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं आणि ते पाणी न पिताच समोरच्या तालमीच्या अध्यक्षांना फोन लावला.

रविवारी स्टेडियम भरलं होतं. नेम बंद झाल्याची बातमी आधीच सगळीकडे पोचली होती, त्यामुळे लोक गोंधळलेले, हलगीही जरा दबकत वाजत होती. आम्ही तिघं आमच्या गोलमागे बसलो. मी, अनेकांत आणि मधे आकाराम. राजवीर आमच्यापुढे, पाठमोरा. सवय मोडणं सोपं नसतं. शिट्टी झाली तसा डावीकडचा पोरगा निम्मा आत आणि निम्मा बाहेर असा घुटमळत राहिला. समोरच्यांना मात्र निरोप नीट कळला होता. त्यांच्या फॉरवर्डने चेंडू बाहेर मारला नाही. त्याने डोकं खाली घातलं आणि त्या जागेकडेच पळत सुटला. सगळं स्टेडियम एकदम चिडीचूप झालं.

राजवीरचा उजवा पाय हलला. उजवीकडेच. मला ते स्पष्ट दिसलं. संपलं, असं मी अनेकांतकडे बघून म्हणणार होतो.

“आदर्श! डावीकडं!”

माझ्या शेजारून आवाज आला. इतका मोठा, की पलीकडच्या गॅलरीतली माणसं वळली. आकाराम उभा होता. कधी उठला ते मला कळलं नाही. आणि पुढे राजवीर एकदाही मागे न बघता डावीकडे गेला. पूर्वी आदर्शचा आवाज यायचा तेव्हा जायचा तसा. त्याने फॉरवर्डच्या पायातला चेंडू अलगद काढून घेतला, थांबला, मान वर केली आणि उंच न मारता मधल्या पोराला साधा पास दिला. खेळ पुढे निघून गेला. काहीच घडलं नाही.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोकांना काय ऐकलं ते समजायला वेळ लागत होता. राजवीर पाठमोराच उभा होता आणि जर्सीच्या बाहीने तोंड पुसत होता. आकाराम खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीसारखंच काही नव्हतं, फक्त दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसा तो त्यांच्याकडे बघत होता. रडलो तो मीच, ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

त्यानंतर सामनाभर राजवीर डावीकडे जात राहिला. प्रत्येक वेळी लगेच नाही, एकदोनदा पाय अडखळलाच. अनेकांतने लॅपटॉप उघडला नाही. सामना संपल्यावर लोक उठू लागले तेव्हा त्याने हळूच विचारलं, “अण्णा, आदर्श कोण?”

“माझा पोरगा,” आकाराम म्हणाला. “ह्याच्या डाव्या हाताला खेळायचा. गेला त्यो.”

अनेकांतने लॅपटॉप तसाच पिशवीत ठेवला. मला वाटलं, आता आकाराम उठून घरी जाईल. तो उठला, पँटची धूळ झटकली आणि मैदानाकडे बघत म्हणाला, “राजवीरला घ्या. चांगला हाय. फकस्त डावीकडं एक वरडणारं पोरगं द्या त्येला, म्हंजे झालं.”